समोरचा दात आलाच नाही आणि एक्स-रेत ‘दातांची गाठ’ दिसली: घाई नेमकी कशाची?

प्रश्न थोडक्यात असा आला आहे: “आम्ही खानापूर तालुक्यातले. मुलाला दहा पूर्ण झाली. वरचा समोरचा उजवा दात सातव्या वर्षीच आला, डावीकडे मात्र अजून दुधाचाच दात आहे. शाळेतल्या तपासणीत सांगितलं म्हणून बेळगावला एक्स-रे काढला. रिपोर्टवर ‘कंपाउंड ओडोन्टोमा’ आणि पुढे ‘बिनाइन ट्यूमर’ असं लिहिलंय. तेव्हापासून घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही. सासूबाई म्हणतात दहावी होऊ दे, मग बघू. दीर म्हणतात सरळ मुंबईला टाटाला न्या. पोराला तर काहीच दुखत नाही. हा कॅन्सर आहे का? ऑपरेशन करायलाच हवं का, केलं तर कधी, आणि परत होतं का? पोरगा विचारतोय, आतून निघालेले दात मला देणार काय?”

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. ओडोन्टोमा म्हणजे कॅन्सर नव्हे. तो रक्तातून कुठे जात नाही, अंगात पसरत नाही. टाटाला न्यायची गरज नाही. पण सासूबाईंचं “दहावी होऊ दे” हेही मला पटत नाही. घाई आहे, फक्त ती गाठीपायी नाही. गाठीच्या मागे अडकून बसलेल्या दातापायी आहे.

‘ट्यूमर’ या शब्दाची भीती मी समजू शकतो. आपल्या भागात ती जास्तच बसलेली आहे, आणि उगीच नाही. निपाणी-चिकोडीकडे तंबाखूचं पीक, विडीचा धंदा, आणि गुटख्याच्या माळा तर प्रत्येक गावच्या स्टँडवर. तोंडाचा कॅन्सर झालेला माणूस ओळखीत नाही असं घर सापडणं कठीण. त्यामुळे जबड्यात गाठ म्हटलं की माणसं पुढचं ऐकतच नाहीत. पण तो कॅन्सर तोंडाच्या आतल्या कातडीवर सुरू होतो: गालाच्या आत, जिभेच्या कडेला, हिरडीवर. भरून न येणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणं ही त्याची लक्षणं. ओडोन्टोमा हाडाच्या आत असतो, आणि तो दाताच्याच मालाचा बनलेला असतो. वरचं कडक इनॅमल, त्याखालचं डेंटीन, मुळावरचं सिमेंटम, मधला मऊ गाभा, सगळं तेच. तुमच्या मुलाच्या जबड्यात जास्तीचे, बारके, अर्धेकच्चे दात तयार झालेत, एवढाच त्या रिपोर्टचा अर्थ.

हे नाव पॉल ब्रोका या फ्रेंच सर्जनने १८६७ साली वापरात आणलं. मेंदूतल्या बोलण्याच्या केंद्राला ज्याचं नाव आहे तोच हा ब्रोका. त्या काळी दाताच्या पेशींपासून झालेली कुठलीही वाढ या एकाच नावाखाली जायची. पुढे एकेक आजार वेगळा काढला गेला आणि हे नाव या निरुपद्रवी प्रकाराकडे राहिलं. आज पॅथॉलॉजीवाले याला खरी गाठसुद्धा म्हणत नाहीत. त्यांचा शब्द हॅमार्टोमा. म्हणजे त्या जागचाच माल, त्याच जागी, पण बेशिस्त वाढलेला आणि एका हद्दीला येऊन थांबलेला. मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत तो दाताच्या साध्या ट्यूमरांमध्येच मोडतो, म्हणून रिपोर्ट लिहिणाऱ्याला तो शब्द लिहावा लागतो. आमच्या ओपीडीतल्या सिस्टर कन्नडमध्ये ‘गड्डे’ म्हणतात. कन्नडमध्ये जमिनीतला कंदही गड्डे आणि अंगातली गाठही गड्डे. सोबत आलेल्या मराठी आजीला ते आल्याच्या गड्ड्यासारखं वाटतं आणि ती बिनघोर होते. खरं सांगायचं तर इंग्रजी रिपोर्टपेक्षा आजीचीच समजूत जास्त बरोबर असते.

हे होतं कसं? तुमच्याकडे ऊस असेल तर लवकर कळेल. उसाच्या डोळ्यातून एक कोंब यावा, पण कधी कधी त्याच्या बुडाशी बारीक फुटव्यांची गर्दी होते आणि मूळ कोंब त्यातच दबून जातो. जबड्यातही दातांचे डोळे असतात. दुधाच्या दातांचे डोळे बाळ पोटात असताना साधारण सहाव्या-सातव्या आठवड्यात धरायला लागतात. समोरच्या पक्क्या दातावर चुन्याचा थर चढायला बाळ तीन-चार महिन्यांचं असताना सुरुवात होते. या कामात कुठेतरी एखादा डोळा फुटतो, विभागतो, आणि एका दाताच्या जागी बारक्या दातांची टोळी तयार होते. का फुटतो याचं एकच ठाम कारण नाही. लहानपणी दुधाच्या दाताला बसलेला मार, तिथला जंतुसंसर्ग आणि आनुवंशिकता यांच्याकडे बोट दाखवलं जातं.

इथे थोडा थांबतो, कारण हे तुम्ही विचारलं नसलं तरी बहुतेक आया खुर्चीतून उठताना दाराशी थांबून विचारतात. “ग्रहणात मी भाजी चिरली होती, त्यानं झालं का?” “चॉकलेट फार खातो, म्हणून का?” “बाटलीनं दूध पाजलं होतं.” ताई, यातल्या कशानेही ओडोन्टोमा होत नाही. चॉकलेटने किडतात ते आलेले दात. न आलेल्या दाताच्या आसपास काय घडावं यावर चॉकलेटची सत्ता चालत नाही. सासूने सुनेला बोल लावावा असं यात काही नाही, आणि सुनेने स्वतःला लावून घ्यावा असंही नाही.

ओडोन्टोमाचे दोन प्रकार. तुमच्या मुलाचा कंपाउंड. डाळिंब फोडल्यावर पापुद्र्यात दाणे बसलेले दिसतात ना, तसे एका पिशवीत बारके-बारके दात. प्रत्येकाला स्वतःचं डोकं, स्वतःचं मूळ, नीट पाहिलं तर ओळखू येतं. हा बहुधा वरच्या जबड्यात, समोर, सुळ्याच्या अलीकडे सापडतो. दुसरा कॉम्प्लेक्स. तो बहुधा खालच्या जबड्यात मागे, दाढांपाशी. साहित्य तेच, पण घाटून एकजीव केलेलं, आपल्या बेळगावी कुंद्यासारखं. दूध कुठलं, खवा कुठला, सांगता येत नाही. त्यात दाताचा आकार उरत नाही, नुसता पांढरा कडक गोळा. कंपाउंड काढायला सोपा, कॉम्प्लेक्स चिवट. तुमच्या वाट्याला सोपा आलाय.

आता मूळ मुद्द्यावर येतो. वरचा समोरचा दात सातव्या-आठव्या वर्षी येतो, शेजारचा आठव्या-नवव्या वर्षी. एका बाजूचा आला आणि दुसऱ्या बाजूचा सहा महिने उलटले तरी नाही, तर एक्स-रे काढायचा. शेजारचा दात आधी आला आणि मधला राहिला, तरीही काढायचा. हा नियम आम्हाला कॉलेजात शिकवतात. मीही शिकलो होतो. तरी प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एक मुलगी माझ्याकडे तीनदा आली आणि तिन्ही वेळा मी आरशाने बघून, हिरडीवर बोट फिरवून “येईल की, काही पोरांना उशीर होतो” म्हणून परत पाठवलं. गाव लांब, वडील मजुरीवर, उगाच खर्चात कशाला घाला, असं माझ्या डोक्यात. चौदाव्या वर्षी ती दुसऱ्याच दुखण्यासाठी आली तेव्हा फिल्म काढली. आत नऊ बारके दात, त्यांच्या वर पक्का दात आडवा पडलेला, मूळ पूर्ण बनून वाकलेलं. तो दात खाली आणता आलाच नाही. शेवटी काढून कृत्रिम बसवावा लागला. फिल्म तेव्हाच काढली असती तर कदाचित आज तिचा स्वतःचा दात असता. म्हणून “येईल की” हे वाक्य मी आता फिल्म बघितल्याशिवाय तोंडातून काढत नाही, आणि तुमच्या मुलाच्या शाळेत तपासणीला आलेल्या त्या डॉक्टरांना मनातून नमस्कार करतो.

मुळाची गोष्ट का काढली ते सांगतो. दात वर येतो तेव्हा त्याचं मूळ अर्धं-पाऊणच झालेलं असतं, टोक उघडं असतं. त्या अवस्थेत दातात स्वतःहून सरकायची रग असते. टोक बंद झालं की ती ओसरते. समोरच्या वरच्या दाताचं मूळ साधारण दहाव्या वर्षी पूर्ण होतं. तुमचा मुलगा नेमका त्या उंबरठ्यावर आहे. आज वाटेतला अडथळा काढला तर दात आपणहून खाली यायची थोडीफार आशा आहे. नाहीच आला तर तारेने ओढून आणायची सोय आहे, आणि या वयात हाड मऊ असल्यामुळे ते चांगलं साधतं. दहावीपर्यंत थांबलात तर मूळ पक्कं, वाकडं होण्याचा धोका, शेजारचे दात मोकळ्या जागेत झुकलेले, आणि कधी कधी अडकलेल्या दाताभोवती पाण्याची पिशवी, म्हणजे सिस्ट, धरलेली. गाठ तेवढीच राहील; काम मात्र तिप्पट होईल. आणि समोर दुधाचा काळपट दात घेऊन सोळा वर्षांचा मुलगा वर्गात हसायचं टाळतो, तेही हिशेबात धरायला हवं.

उद्याच्या उद्या बेळगाव गाठायचं असं मात्र नाही. महिना-दीड महिन्यात, सहामाहीची सुट्टी बघून केलंत तरी काही बिघडत नाही.

तुमच्याकडे एक्स-रे आहे तर तो एकदा खिडकीसमोर धरून स्वतः बघा. दुधाच्या दाताच्या वर पांढऱ्या ठिपक्यांचा एक पुंजका दिसेल, त्याभोवती बारीक काळी रेघ, आणि त्याच्याही वर पक्क्या दाताचं रुंद डोकं. ती काळी रेघ म्हणजे गाठीची मऊ पिशवी. ती सलग आणि स्वच्छ दिसत असली की मला बरं वाटतं, कारण गोष्ट आपल्या हद्दीत आहे असं ती सांगते. एका फिल्मवरून पुंजका दाताच्या पुढे की मागे, म्हणजे ओठाकडे की टाळूकडे, ते कळत नाही. त्यासाठी मशीन थोडं बाजूला सरकवून दुसरी फिल्म घेतात. मशीन ज्या बाजूला नेलं त्याच बाजूला वस्तू सरकली तर ती टाळूकडे, उलट सरकली तर ओठाकडे. जुनी युक्ती आहे, आजही चालते. त्यातूनही उलगडा नाही झाला, किंवा मूळ वाकलंय अशी शंका आली, तर सीबीसीटी नावाचा त्रिमितीय स्कॅन. प्रत्येकाला तो लागतोच असं नाही. कशासाठी हवा ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे. किरणांची धास्ती घेऊ नका. ओपीजी, म्हणजे संपूर्ण जबड्याचा एकच मोठा एक्स-रे, त्यातून मिळतात तेवढे किरण एरवी दोन-तीन दिवसांत निसर्गातूनच अंगावर पडतात.

ऑपरेशन म्हटलं की डोळ्यासमोर मोठं थिएटर येतं. खरं चित्र वेगळं आहे. दहा वर्षांचा समजूतदार मुलगा असेल तर जागीच सुई देऊन, दात काढतात तशीच भूल देऊन, खुर्चीत हे होतं. घाबरट असेल, गाठ मोठी असेल किंवा टाळूच्या बाजूला खोल असेल तर पूर्ण भूल बरी. चेहऱ्यावर बाहेरून काप नाही, सगळं हिरडीतून. हिरडी पापुद्र्यासारखी वर उचलायची. खाली हाड अंड्याच्या कवचाइतकं पातळ झालेलं असतं, कधी कधी त्यातून आतला पांढरेपणा दिसतोही. सलाइनची धार सोडत बारीक बरने, म्हणजे दात कोरायच्या फिरत्या टोकाने, खिडकी पाडायची. आणि मग ज्या क्षणाची मी अजूनही वाट बघतो तो येतो: चिमट्याने पिशवीची कड धरली की एकेक दाणा बाहेर यायला लागतो. कुणी भिजल्या तांदळाएवढा, कुणी जोंधळ्याएवढा, एखादा चक्क सुळ्यासारखा टोकदार, सव्वा सेंटिमीटरभर. शेजारी हिरव्या कापडावर ओल्या गॉजवर सिस्टर ते ओळीने मांडत जातात. मोजदाद करायची, एक्स-रेशी ताडून बघायची, कोपऱ्यात कुणी लपलाय का पाहायचं. पिशवी मागे ठेवायची नाही, तीही सोलून घ्यायची. दुधाचा दात त्याच वेळी काढायचा. मग वर दिसतो तो खरा दात, मोत्यासारखा, अगदी कोरा. त्याला धक्का लागू द्यायचा नाही. धुवायचं, टाके घालायचे. सरावलेल्या हाताला या सगळ्याला पाऊण तास, तास.

त्याच बैठकीत त्या आतल्या दाताला छोटं बटण चिकटवून त्याची बारीक साखळी हिरडीतून बाहेर काढून ठेवायची की काही महिने वाट बघायची, हा निर्णय सर्जनने एकट्याने घेऊ नये. ऑपरेशनआधी मुलाला एकदा ऑर्थोडॉन्टिस्टला, म्हणजे दातांना तारा लावणाऱ्या डॉक्टरांना, दाखवा. मूळ बंद झालेलं असेल आणि दात बराच वर असेल तर मी स्वतः साखळी लावून घेण्याच्या मताचा आहे. नाहीतर सहा महिने वाट बघून पुन्हा हिरडी उघडायची, म्हणजे पोराला दुसऱ्यांदा खुर्चीत बसवायचं. दुसरीकडे मूळ उघडं असेल, दात सरळ असेल, तर दर दोन-तीन महिन्यांनी बघत थांबणं योग्य. तारेने ओढायचं झालं तर वर्ष-दीड वर्ष धरून चाला, आणि दर महिन्याला बेळगावची एक फेरी. पैशापेक्षा त्या फेऱ्याच माणसांना थकवतात आणि अर्ध्यात तारा सोडल्या जातात, असा माझा अनुभव. त्यामुळे सुरुवातीलाच घरात ठरवा, कोण नेणार आणि कोणत्या वारी.

पूर्ण भूल द्यायची असेल तर सहा तास आधीपासून पोटात काही नको, दूधसुद्धा नको. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. “एक बिस्किट दिलं हो, रडत होता” असं सकाळी सांगितलंत तर डॉक्टर चिडतील, पण लपवलंत तर धोका मुलाला आहे. सर्दी-खोकला असेल तर तारीख पुढे ढकला. खानापूर-जांबोटीकडच्या पावसाळ्यात निम्मी पोरं नाक ओढतच असतात, म्हणून तिकडच्या मुलांना मी शक्यतो पाऊस ओसरल्यावरच बोलावतो.

नंतरचं फार नाही. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दिसते, तेव्हा घाबरून फोन करू नका. चौथ्या दिवशीही वाढतच असेल किंवा ताप आला तर करा. पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ. ताक-भात, थंड केलेली नाचणीची आंबील, आइस्क्रीम. कडक भाकरी, चिवडा, ऊस आठवडाभर बंद. दुखण्यावर पॅरासिटामॉल, वजनाच्या हिशेबाने. घरात आजोबांची अॅस्पिरिन असते ती मुलाला द्यायची नाही. ब्रश बाकीच्या दातांना रोज करायचा, टाक्यांच्या जागी नाही. आठवड्याने टाके काढायचे.

परत होतं का? जवळजवळ नाहीच. पिशवीसकट नीट काढलेला ओडोन्टोमा पुन्हा उगवणं फार दुर्मीळ आहे. अगदी लहान वयात, दाणे अजून कडक झालेले नसताना काढला आणि त्यातलं काही मऊ मागे राहिलं, तर तेवढी शक्यता. सहा महिन्यांनी आणि वर्षाने एक फिल्म काढून खात्री करायची.

आता एक गोष्ट मी हट्टाने सांगतो, आणि काही सहकाऱ्यांना ती अनावश्यक वाटते. काढलेला माल पॅथॉलॉजीला पाठवायचाच. एक्स-रे कितीही स्वच्छ असू दे. ओडोन्टोमाच्या पिशवीला चिकटून कधी कधी वेगळ्याच जातीची गाठ असते, तिचा पाठपुरावा वेगळा असतो, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. दाणे कडक असल्यामुळे लॅबमध्ये ते आधी आम्लात ठेवून मऊ करतात, मग काप घेतात. इनॅमल शेकडा ९६ टक्के खनिज, त्यामुळे ते आम्लात पार विरघळून जातं. स्लाइडवर जिथे इनॅमल होतं तिथे नुसती रिकामी जागा दिसते, डेंटीनच्या डोक्यावर टोपीच्या आकाराची पोकळी. विद्यार्थी असताना मी ती पोकळी बघून “इथे काहीच नाही” म्हटलं होतं आणि मॅडमनी “जे नाही तेच तर इनॅमल” म्हणून सगळ्या वर्गासमोर गप्प केलं होतं. रिपोर्ट यायला आठ-दहा दिवस लागतात ते या मऊ करण्यापायी. उशीर झाला म्हणून काही वाईट निघालं असेल अशी समजूत करून घेऊ नका.

तुमच्या दिरांसाठी दुसऱ्या, म्हणजे कॉम्प्लेक्स प्रकारचीही एक हकिगत सांगतो, कारण भीती किती महाग पडते ते त्यातून कळेल. निपाणीकडची एक बाई, तिशीच्या आतली, तंबाखूच्या वखारीत कामाला. खालची मागची दाढ कधी आलीच नव्हती. तिथे हिरडीतून पांढरं टोक दिसायला लागलं, मग पू. आधी कुणीतरी ते दाताचं राहिलेलं मूळ समजून उपटायचा प्रयत्न केला होता. ते हललं नाही, जबडा मात्र सुजला. मग वस्तीत बोलणं झालं, तंबाखूचं काम, म्हणजे तेच असणार. बाईने भीतीने चार महिने डॉक्टरच गाठला नाही. माझ्याकडे आली तेव्हा ओपीजीवर सुपारीएवढा पांढराशुभ्र गोळा, त्याच्या खाली चेपलेली दाढ, आणि दाढेच्या मुळाला लगटून ओठाच्या संवेदनेची नस. कॉम्प्लेक्स ओडोन्टोमा. एरवी तो वर्षानुवर्षे गप्प पडून राहिला असता, पण तोंडात उघडा पडला की जंतू आत शिरतात. तो अख्खा निघत नाही. बरने चिरून तुकडे करून काढावा लागतो, नाहीतर हाड जास्त जातं. पू आधी औषधाने आटोक्यात आणून मग केलं. खालचा ओठ तीन महिने बधिर राहिला, मग हळूहळू जाग आली. जबडा पातळ झालेला म्हणून सहा आठवडे मऊ खाणं. रिपोर्टवर कॅन्सरचं नाव नव्हतं. चार महिने आधी आली असती तर पू आणि सुजेचे हाल वाचले असते.

गूगलवर तुम्हाला २३२ दातांची बातमी सापडलीच असेल. खरी आहे. २०१४ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात सतरा वर्षांच्या मुलाच्या जबड्यातून एवढे काढले होते. २०१९ मध्ये चेन्नईत सात वर्षांच्या मुलाच्या जबड्यातून ५२६ निघाले, पिशवीचं वजन सुमारे २०० ग्रॅम. दोन्ही ओडोन्टोमाच, पण त्या बातम्या झाल्या त्या विरळ आहेत म्हणूनच. माझ्या टेबलावर बहुधा पाच ते तीस निघतात, आणि त्यांची बातमी कुणी छापत नाही.

एक वेगळा प्रकार नावापुरता सांगतो. एकाच मुलाच्या जबड्यात अशा अनेक गाठी, कपाळावर किंवा जबड्यावर हाडाचे टेंगूळ, आणि घराण्यात तरुण वयात मोठ्या आतड्याचा कॅन्सर झालेला, असं एकत्र दिसलं तर गार्डनर सिंड्रोमची शंका घेऊन पोटाच्या डॉक्टरांकडे पाठवतात. तुमच्या मुलाला एकच गाठ आहे. पण घराण्यात असं काही असेल तर डॉक्टरांना सांगायला विसरू नका.

कुठे करायचं? त्यासाठी जिल्ह्याबाहेर जायचं कारण नाही. बेळगावात केएलईचं आणि मराठा मंडळाचं अशी दोन दंत महाविद्यालयं आहेत. दोन्हीकडे ओरल सर्जन, ऑर्थोडॉन्टिस्ट, पॅथॉलॉजी एकाच छताखाली मिळतात, आणि तुमच्या मुलाला हे तिन्ही लागणार आहेत. खासगीत केलंत तर हे तिघे एकमेकांशी बोलतात ना, तेवढं बघा. कार्डावर होईल का, हे आधी त्या रुग्णालयाच्या योजना-कक्षात जाऊन विचारा, फोनवर नको. महाराष्ट्राने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले आरोग्य योजनेचा लाभ जाहीर केला होता. त्या यादीत तुमचं गाव असेल तर कोल्हापूरकडे जायच्या आधी तिथेही, या शस्त्रक्रियेचं नाव सांगून, विचारून घ्या. गावाचं नाव यादीत आहे म्हणजे प्रत्येक ऑपरेशन फुकट, असा अर्थ होत नाही.

संमतिपत्र बहुधा कन्नड किंवा इंग्रजीत असेल. वाचता येत नसेल तर सही करायच्या आधी “मराठीत सांगा” म्हणा. संकोच नको. आमच्याकडे सांगणारे चार जण असतात, विचारणारा एखादाच असतो. त्यात तीन गोष्टी ऐकून घ्या: भूल कुठली, आतला दात वाचवायचा प्रयत्न होणार का, आणि साखळी त्याच वेळी लावणार का.

आणि मुलाचा प्रश्न. दात मिळतात. पिशवी आणि थोडे दाणे लॅबला जातात, बाकीचे मागितले तर धुऊन डबीत घालून देतात. डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर सगळेच बाटलीत जातात. गेल्या वर्षी येळ्ळूरच्या बाजूच्या एका मुलाने असेच सतरा नेले. पडलेला दात छपरावर टाकायची पद्धत, म्हणून आजीने सगळे टाकायला लावले. घराला आता स्लॅब आहे, तेव्हा गोठ्याच्या पत्र्यावर टाकले. टाके काढायला आला तेव्हा सांगत होता, सतरापैकी तीन घरंगळून खाली आले, ते त्याने कंपासपेटीत ठेवलेत.